दियोंवारचे घर आणि आठवी बाटली

मी, लातिर न्दोंग, वय वर्षे एकोणपन्नास, मूळ गाव सालूमच्या खाडीतले दियोंवार बेट, हल्ली मुक्काम थियारोय, मच्छीबाजारामागची दुसरी गल्ली, डाकार. पूर्वीचा धंदा वाळूतली कुस्ती आणि पिंजऱ्यातली लढत, पाच वर्षे चौऱ्याऐंशी किलो गटात आफ्रिकेचा पट्टा माझ्या कमरेला. हल्लीचा धंदा आठवड्यातून तीनदा यंत्राशेजारी पडून रक्त धुवून घेणे. असे लिहून ठेवतो की माझी अक्कल जाग्यावर आहे आणि हे लिहिताना खोलीत माझ्याशिवाय कोणी नाही. दार आतून लावले आहे. अक्कल जाग्यावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्याची दुसरी प्रत कुठे आहे ते सांगणार नाही.

कलम १. लिहिण्याविषयी. नोटरीच्या कचेरीतला कारकून म्हणाला, तुम्ही तोंडी सांगा, मी टाइप करतो, तासाभरात मोकळे व्हाल. मला मोकळे करण्याची ज्यांना घाई असते त्यांना मी आयुष्यभर दोन हात लांब ठेवले आहे. म्हणून हे सगळे माझ्याच हाताने, हिरव्या शाईने लिहिले आहे. प्रत्येक पानाखाली सही आणि उजवा अंगठा. हा अंगठा एकदा आबिजानला फाटून शिवलेला आहे, त्यामुळे ठशात तिरपी रेघ येते. ती रेघ नसेल तर पान बनावट समजावे. दोन ओळींत जिथे जागा उरली तिथे मी रेघ मारून ती बंद केली आहे.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी दिबोर हिने करावी. ती मी जिथे रक्त धुवून घेतो त्याच वॉर्डात नर्स आहे. मला दिवसाला एक लिटर पाणी मोजून मिळते, ते तीच मोजते, आणि तिने भरलेला पेला मी वास न घेता पितो. इतका विश्वास मी दुसऱ्या कोणावर टाकलेला नाही. तिने याची जाण ठेवावी आणि भावाला, म्हणजे माझ्या मुलाला, फोनवर सगळे सांगत बसू नये. तो बोर्दोला असतो आणि त्याच्या बायकोचे कान फार लांब आहेत.

कलम ३. थियारोयचे दुमजली घर. त्याची वाटणी शरीयतप्रमाणे बायको, मुलगा आणि मुलगी यांच्यात होईलच, त्यात मी काही बोलत नाही. माझ्या मर्जीचा जो तिसरा हिस्सा आहे, तेवढ्याबद्दलच पुढची कलमे आहेत. बायको तेनिंग हिच्याबद्दल मात्र एवढे लिहितो, की सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर दोनदा संशय घेतला. एकदा गोरखचिंचेच्या सरबतावरून, त्याची हकीकत कलम ६ मध्ये येईल, आणि एकदा ती टेलिफोनवर हळू बोलत होती म्हणून. दोन्ही वेळा ती काही बोलली नाही, भात वाढला आणि निघून गेली. न बोलणारे माणूस निर्दोष असते की आतल्या गाठीचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वरचा मजला, जिथे वारा येतो, तो तिच्याच वापरात राहावा.

कलम ४. गच्चीवरचा मेंढा, नाव मंत्री. याचे खांदे माझ्या कमरेला लागतात आणि सबंध गल्लीत असा दुसरा नाही. तो तेनिंगच्या भावाकडे जावा. शेजारी उमर गाकू, शिंपी, यास हा मेंढा कोणत्याही सबबीवर मिळू नये. सहा वर्षे हा गृहस्थ गच्चीवर येतो, नमस्कार मला करतो आणि हात मेंढ्याच्या पाठीवरून फिरवून वजन काढतो. उमरला मी या कागदाचा साक्षीदार नेमले आहे, म्हणजे हे कलम त्याला सही करण्याआधी ऐकावेच लागेल.

कलम ५. रेल्वे रुळांपलीकडची तालीम, तिच्यातला पिंजरा, गाद्या, पोती आणि वजनकाटा हे सर्व वस्ताद उसेनू न्दोय यांना द्यावे. मी चोवीस वर्षांचा असताना त्यांनी मला डाकारच्या मैदानात वाळूत कुस्ती करताना पाहिले. तोवर मी बेटावरचा मच्छीमार होतो, सुगीनंतरच्या गावजत्रांतून बैल आणि तांदळाची पोती जिंकणारा. कुस्ती संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “वाळूत पाठ टेकली की खेळ संपतो. मी तुला असा खेळ शिकवतो, ज्यात पाठ टेकल्यावर खरी सुरुवात होते.” मला वाटले हा माणूस काहीतरी विकायला आला आहे. दोन महिने मी गेलो नाही. मग गेलो, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या एका किडकिडीत चेल्याने मला खाली पडूनच, पायांच्या कैचीत गळा धरून, हार मानून जमिनीवर हात आपटायला लावले. तिथून पुढची चौदा वर्षे मी त्यांच्या हाताखाली काढली. लुआंडा, जोहान्सबर्ग, आबिजान, सगळीकडे ते माझ्या कोपऱ्यात होते. पट्टा मिळाला तेव्हा ते रडले, आणि तो राखताना मी चार वेळा जिंकलो तेव्हाही रडले. पाचव्या वेळी मी हरलो तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. हे मी तेव्हा टिपून ठेवले आहे.

तालीम देताना दोन अटी. वस्तादांनी भिंतीवर स्वतःचा फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठा लावू नये. आणि दाराला दोन कुलपे असावीत, एकाची किल्ली वस्तादांकडे, दुसऱ्याची दिबोरकडे.

कलम ६. दियोंवार बेटावरचे घर. हे कलम सगळ्यांनी नीट वाचावे, कारण मृत्युपत्र मी मुख्यतः यासाठीच लिहीत आहे.

पट्टा जिंकल्याच्या पुढच्या वर्षी मी आई कोदूसाठी बेटावर चार खोल्यांचे सिमेंटचे घर बांधले. सिमेंट होड्यांतून नेले. जमीन आणि घर माझ्या नावावर आहे. त्यात आई राहिली, आणि तिच्यासोबत माझा धाकटा भाऊ बिराम, त्याची बायको आणि चार मुले. आई सहा वर्षांपूर्वी गेली. बिराम अजून तिथेच राहतो. जाण्याआधी आईने माझ्याकडून वचन घेतले, की तू जिवंत आहेस तोवर भावाला घराबाहेर काढणार नाहीस. ते वचन मी पाळले आहे. मी मेल्यानंतरचे वचन तिने मागितले नाही आणि मी दिले नाही. तरी असे लिहून ठेवतो की माझ्या मृत्यूनंतर चाळीस दिवसांच्या आत बिराम न्दोंग याने कुटुंबासह घर रिकामे करावे, आणि ते घर गावच्या शाळेला मास्तरांच्या निवासासाठी द्यावे.

कारण असे.

अकरा वर्षांपूर्वी डाकारमध्येच माझी लढत आंगोलाच्या झेफेरिनोशी होती. आमच्याकडे पहिलवान कोणताही असो, लढतीआधी मंतरलेल्या पाण्याच्या बाटल्या अंगावर ओतून घेतो. वाळूतल्या कुस्तीत दंडाला, कमरेला, पायाला ताईत बांधता येतात. पिंजऱ्यात पंच अंगावर दोरासुद्धा राहू देत नाही, नखे आणि दातही तपासतो. म्हणून पिंजऱ्यात आमच्या माणसाला जे काही सोबत नेता येते ते फक्त कातडीत मुरलेले पाणी. माझ्या प्रत्येक लढतीला आई बेटावरच्या मराबूकडून, म्हणजे ताईत-मंत्र देणाऱ्या फकिराकडून, पाणी मंतरून घ्यायची आणि बिराम ते होडीने, मग बसने घेऊन यायचा. बाटल्या सात. दरवेळी सात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

शुक्रवारी सकाळी वजन झाले. मी नेहमीप्रमाणे चार दिवसांत नऊ किलो उतरवले होते. शेवटचे दोन दिवस पाणी बंद, कढत पाण्याच्या टबात बसायचे आणि रबरी कपडे घालून धावायचे. दुपारी बिराम हॉटेलवर आला, मासळीच्या पेटीत बाटल्या घेऊन. तो तोंड धुवायला गेला तेव्हा मी बाटल्या मोजल्या. आठ निघाल्या. आठवीच्या गळ्याला लाल चिंधी बांधलेली होती.

तेवढ्यात तालमीतल्या कोणीतरी मला फोनवर एक फोटो दाखवला. हॉटेलच्या दारात बिराम आणि झेफेरिनो, एकमेकांच्या खांद्यावर हात, दोघांचेही दात दिसत आहेत.

आता वाचणाऱ्याने मला सांगावे की माझ्या जागी त्याने काय समजले असते. एक बाटली शत्रूची होती हे उघड होते, आणि लाल चिंधीवाली मुद्दाम डोळ्यांत भरेल अशी ठेवून खरी विषारी दुसरीच असणार हेही उघड होते. मी बिरामला बाहेर पाठवले, दाराला कडी घातली आणि आठही बाटल्या मोरीत ओतल्या. मग वस्ताद मीठसाखरेचे पाणी घेऊन आले. त्यांच्या हातात येण्याआधी त्या बाटलीला कोणाकोणाचे हात लागले होते, ते त्यांना सांगता येईना. तेही ओतले. तेनिंगने घरून गोरखचिंचेचे सरबत पाठवले, पण आणणारा टॅक्सीवाला अनोळखी होता. ओतले. रात्री नळाखाली दोन ओंजळी पाणी प्यालो, आणि मग आठवले की झेफेरिनो याच हॉटेलात उतरला आहे आणि टाकी एकच आहे. नळ बंद केला.

शनिवारी पहिल्या दोन फेऱ्या माझ्या होत्या, हे विरोधी पक्षाचे लोकही कबूल करतात. तिसऱ्या फेरीत माझ्या पायांना आतून कोणीतरी दोरी आवळली. पोटऱ्या दगड झाल्या. चौथ्या फेरीत झेफेरिनोने मला नुसते ढकलले आणि मी जाळीला पाठ लावून बसलो. त्याने मारले नाही, थोडा वेळ वाट पाहिली, मग दोनचार ठोसे दिले आणि पंचाने हात हलवून लढत थांबवली. त्या रात्रीनंतर मी पिंजऱ्यात उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. हरलेल्या मुलाला आई काय विचारते? तिने विचारले, “पाणी प्यालास ना?” मला वाटले म्हातारी गडबडली, मंतरलेले पाणी काय पितात का. मी हो म्हणून फोन ठेवला. पुढच्या महिन्यात मी बेटावर गेलो आणि जुम्म्याच्या नमाजानंतर गावच्या मोठ्या माणसांसमोर सांगितले, की माझ्या भावाने मला विकले. बिराम उठला, नमाजाची चटई गुंडाळली आणि चालू लागला. त्यानंतर आमची भेट एकदाच झाली, आईच्या मयताला. तिथे तो एका बाजूला उभा होता आणि मी दुसऱ्या.

कलम ७. पट्टा आणि ती रिकामी बाटली. आठपैकी लाल चिंधीवाली बाटली मी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे, चिंधीसकट. पट्टा आणि बाटली दोन्ही बंद पडलेल्या फ्रीजमध्ये, तांदळाच्या गोणीखाली आहेत. ही जागा फक्त मला ठाऊक होती. आता हे वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक झाली, म्हणून दोन्ही वस्तू मी दुसरीकडे हलवल्या आहेत. पट्टा दिबोरला. बाटली कोणाला द्यायची ते अजून ठरले नाही.

येथपर्यंत सोमवार, दिनांक ३ नोव्हेंबर रोजी लिहिले.

कलम ८. गुरुवार, दिनांक ६. हे कलम असायला नको होते, पण घडले ते लिहिणे भाग आहे.

रक्त धुताना मी दिबोरला कागद दिले आणि शुद्धलेखन पाहायला सांगितले. फक्त शुद्धलेखन. ती यंत्राशेजारी उभ्या उभ्या वाचत होती. कलम ६ तिने दोनदा वाचले. तिचा चेहरा वडिलांची गोष्ट वाचणाऱ्या मुलीचा राहिला नाही, कामावरच्या नर्सचा झाला.

“बाबा, वजन झाल्यापासून लढतीपर्यंत किती तास होते?”

तीस, मी म्हणालो.

“आणि तीस तासांत दोन ओंजळी?”

“लिहिलंय ना.”

“त्याआधी दोन दिवस काहीच नाही. नऊ किलो उतरवलेले.” तिने कागद माझ्या पोटावर ठेवला. “माझ्या वॉर्डात असा माणूस आला ना, तर तुमच्यावर करणी कोणी केली असं मी विचारत नाही. सलाइन लावते.”

मी म्हणालो, पाय कोणी बांधले मग? ती म्हणाली, कोणी नाही, अंगातलं मीठपाणी संपलं की पोटऱ्यांत गोळे येतात, तुम्ही स्वतः तालमीतल्या पोरांना हेच सांगता. हे खरे आहे. तालमीच्या भिंतीवर मी स्वतः पाटी लावली आहे, वजन झाल्यावर दर तासाला पाणी प्या. ती पाटी मी हरल्यानंतर दोन वर्षांनी लावली. लावताना मला काहीच का सुचले नाही, हे मला कळत नाही.

मला राग आला. मी तिला विचारले, काकाने तुला फोन केला होता का?

“दर ईदला करतो,” दिबोर म्हणाली. “तुमची तब्येत विचारतो. तुम्हाला सांगू नको म्हणतो, तुम्हाला भलतंच वाटेल म्हणून.”

म्हणजे माझ्या पाठीमागे अकरा वर्षे संगनमत चालू होते, आणि त्यात माझी तब्येत विचारली जात होती. मी थोडा वेळ यंत्रातले माझे रक्त फिरताना पाहत पडलो. मग म्हणालो, तहानेचं मान्य करतो, पण आठवी बाटली? सात असताना आठवी आली कुठून?

“काकाला विचारलंत का कधी?”

विचारले नव्हते. शत्रूला त्याची चाल विचारायची नसते, हे मी वस्तादांकडून शिकलो होतो. पण बिराम शत्रू आहे हे मला कोणी शिकवले होते, ते मला त्या दिवशी आठवेना. त्यावर दिबोरने जे म्हटले ते मी इथे लिहीत नाही, कारण ती माझी मुलगी आहे आणि तेव्हा तिच्या हातात सुई होती.

कलम ९. मंगळवार, दिनांक ११. दिबोरने बोलावल्यावरून बिराम आला. पहाटेच्या होडीने निघून, बस बदलत, दुपारी माझ्या गच्चीवर. हातात वाळवलेल्या कालवांची पिशवी. केस पांढरे झालेत, खांदे अजून वल्हे मारणाऱ्याचे. तेनिंगने आमच्याकडचा तीन फेऱ्यांचा चहा मांडला. पहिली कडू फेरी होईपर्यंत आम्ही दोघेही मेंढ्याकडे बघत बसलो.

“पाणी नाही आणलं,” तो म्हणाला. “म्हटलं, उगाच तुझं रक्त उकळायचं.”

मी हसलो नाही. मी कागद पुढे घेतला आणि प्रश्न विचारायला लागलो, पहिला फोटोचा. तो म्हणाला, झेफेरिनो हॉटेलच्या दारात उभा होता आणि त्यानेच फोटो मागितला, कारण त्याला वाटले बिरामच लातिर आहे. “मी सांगितलं, मी धाकटा. तर म्हणाला, मग तर नक्कीच काढू, मोठा माझ्याशी असा हसत उभा राहणार नाही.”

मी विचारले, बाटल्या आठ का होत्या?

बिरामने पेला खाली ठेवला. “सात आंघोळीच्या. आठवी प्यायची.”

“प्यायची?”

“आईने टीव्हीवर पाहिलं होतं, तुम्ही लोक वजनासाठी अंग कसं सुकवता ते. पोराचे ओठ फुटले असतील, म्हणाली. आपल्या अंगणातल्या रांजणातलं साधं पाणी भरलं. त्यावर कोणी फुंकसुद्धा मारली नव्हती. बाकीच्यांत मिसळू नये म्हणून पदराची चिंधी फाडून बांधली.”

तिचा लाल पदर मला आठवला. माझ्या प्रत्येक कुस्तीला ती तोच पांघरून, मैदानाच्या कडेला बायकांत बसायची. अकरा वर्षे चिंधी माझ्या फ्रीजमध्ये होती आणि मी ती ओळखली नाही.

“मग सांगितलं का नाहीस?”

“दाराबाहेरून सांगत होतो, दादा. तू टीव्हीचा आवाज मोठा केलास.”

“नंतर तरी सांगायचंस. अकरा वर्षं होती.”

“नंतर तू मला विचारलं नाहीस. मशिदीसमोर सगळ्यांना सांगितलंस, मी काय केलं ते. सांगितल्यावर काय बोलायचं?” त्याने कालवांची पिशवी उगाच इकडची तिकडे केली. “आईने मला विचारलं, तो पाणी प्याला का. मी म्हटलं, प्याला. नाहीतर तिला झोप नसती लागली.”

आईने मलाही तेच विचारले होते आणि मीही तेच उत्तर दिले होते. दोघा भावांनी तिला एकच खोटे सांगितले, त्याने तिच्यासाठी आणि मी फोन लवकर ठेवायचा म्हणून.

मला लाज वाटली. पिंजऱ्यात जाळीला टेकून बसलो तेव्हाही अशी वाटली नव्हती. मी रडलो, आणि तेनिंग माझ्याकडे पाहत राहिली. सव्वीस वर्षांत तिने मला रडताना पाहिले नव्हते. ती काही बोलली नाही. यावेळी मी त्यावरून काही ठरवले नाही. बिरामही रडला, पण तो आधीपासूनच रडका आहे.

मग मी कलम ६ त्याच्यापुढे ठेवले आणि वाचायला सांगितले. चाळीस दिवसांत घर रिकामे करायचे, हे वाक्य त्याने बोट ठेवून वाचले. तो रागावेल अशी माझी खात्री होती. तो म्हणाला, “मास्तरांना समुद्राकडची खोली दे. मागच्या खोलीत पावसाळ्यात ओल येते.”

कलम १०. कलम ६ मधील घर रिकामे करण्याविषयीचा आणि शाळेविषयीचा मजकूर रद्द समजावा. तो मी खोडलेला नाही. मी काय मानत होतो ते माझ्या मुलांना दिसू द्यावे. दियोंवारचे घर, जमीन, अंगणातला रांजण आणि धक्क्यावरची होडी बांधायची जागा हे सर्व माझा भाऊ बिराम न्दोंग याच्या मालकीचे व्हावे, विनाअट. मागच्या खोलीची ओल माझ्या खर्चाने आत्ताच काढून घ्यावी, मी मरण्याची वाट पाहू नये. गावच्या मोठ्या माणसांपुढे मी जे बोललो ते खोटे होते, हे तब्येतीने साथ दिली तर मी स्वतः जाऊन त्याच जागी, जुम्म्याच्या नमाजानंतर सांगेन. न दिल्यास दिबोरने हे कलम तिथे मोठ्याने वाचून दाखवावे. झेफेरिनोशी माझे काही वैर नाही. त्याने वाट पाहिली होती, हे मी त्याचे उपकार समजतो.

कलम ५ मधील दुसऱ्या कुलपाची अट मी मागे घेतो. फोटोची अट कायम.

कलम ४ कायम.

कलम ११. माझे दफन दियोंवारला, आईशेजारी व्हावे. माझ्या मयताला आंघोळ बिरामने घालावी, दुसऱ्या कोणी नाही. पाणी अंगणातल्या रांजणातले. सात वेळा अंगावर ओतावे. लाल चिंधीवाली रिकामी बाटली या कागदासोबत दिबोरच्या ताब्यात दिली आहे. तीही त्याच रांजणातून भरावी. इमाम हरकत घेतील, त्यांना तेवढा वेळ बाहेर उभे करावे. त्या बाटलीतले पाणी बिरामने अंगावर ओतू नये, माझ्या ओठांना लावावे.

मी हे सर्व वाचले, वाचून घेतले, आणि कोणाच्याही दबावाखाली नाही. असलाच तर एका नर्सच्या.

ठिकाण: थियारोय, डाकार
दिनांक: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: लातिर न्दोंग (सही व उजव्या अंगठ्याचा ठसा, तिरप्या रेघेसह)

साक्षीदार:
१. उमर गाकू, शिंपी, शेजारी. कलम ४ ऐकले, ते अन्यायाचे आहे. सही माझ्यासमोर झाली.
२. सांबा का, दूधविक्रेता, थियारोय. लिहून देणाराने सही करण्याआधी पाणी मागितले. भावाने पेला भरून दिला. लिहून देणाराने तो वास न घेता प्याला. सही माझ्यासमोर झाली.